आठ बिऱ्हाडांचं तेल

२ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी रक्तदाब मोजून वहीत लिहायला सांगितलंय. पण आकडा एका ओळीत संपतो आणि खाली सगळं पान रिकामं राहतं. ते मला बघवत नाही. उभा जन्म न्हावीकाम केलं. समोर माणूस बसला की कात्रीबरोबर तोंडही चालायचं. आता समोर पान बसलंय, एवढाच फरक.

रक्तदाब जरा वर. त्याला कारण अर्मां फेक्टो.

अर्मां तिसऱ्या मजल्यावर राहतो. वय एक्क्याऐंशी. आज पुन्हा मुलांच्या घसरगाडीला डिझेलचा कॅन बांधून बर्फातून ओढत आणत होता. आमच्या इमारतीत घर तापवणाऱ्या बर्नरसाठी प्रत्येक बिऱ्हाडाची तेलाची टाकी वेगळी, तळघरात. भरायच्या नळ्या बाहेर बोळात, भिंतीवर ओळीने. तेलवाला थोड्याथोडक्या तेलासाठी गाडी पाठवत नाही, आणि एकदम पुष्कळ घेणं इथे कुणाच्या बापाला परवडत नाही. मग पंपावरून कॅनभर डिझेल आणायचं (बर्नरला तेही चालतं), आपल्या नळीत ओतायचं आणि दोन दिवस ढकलायचे.

मी म्हटलं, "अर्मां, मदत केंद्रात अर्ज का नाही करत? गाडी दारात येऊन टाकी भरते."

"ते गरिबांसाठी असतं."

"मग तू कोण, लाकडाच्या गिरणीचा मालक?"

"लिओनेल, तू केस काप. माझं डोकं खाऊ नकोस."

केस काप म्हणे! दुकान बंद करून पाच वर्षं झाली.

६ जानेवारी, मंगळवार

थंडीने कहर मांडलाय. कपाटातलं ऑलिव्ह तेल गोठून पांढरं झालं. मी आतल्या दोन्ही खोल्या बंद करून टाकल्या. एकट्या माणसाला एवढी जागा लागते कशाला? स्वयंपाकघरात सगळं हाताशी असतं. ओव्हनचं दार उघडं ठेवलं की मोजेही वाळतात. हातमोजे घालून लिहितोय, म्हणून अक्षर असं. टाकीचा काटा तळाला टेकलाय, पण तो काटा पहिल्यापासूनच लबाड आहे.

तळमजल्यावरच्या रोलांदबाईंनी दुपारी त्यांच्या घरी बसायला बोलावलं. त्यांना चर्चच्या स्वयंपाकघरात जायचं होतं आणि नळवाला यायचा होता. "कुणीतरी हवं हो घरात," म्हणाल्या. मी चार तास बसलो. नळवाला काही आला नाही. आजकाल कामाची माणसं अशीच. त्यांच्या खुर्चीत मला मात्र गाढ झोप लागली. टेबलावर सूप झाकून ठेवलं होतं, बहुधा नळवाल्यासाठी. फुकट जाईल म्हणून मी संपवलं.

९ जानेवारी, शुक्रवार

आज रक्तदाब मोजलाच नाही.

सकाळी फरदोसा माझं दार बडवत आली. ती माझ्या डोक्यावरच्या घरात राहते, अर्मांच्या समोरच. चार मुलं, नवरा लांबच्या ट्रकवर, आणि ही वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. म्हणाली, "काका, समोरच्या म्हाताऱ्यांचा रेडिओ आज वाजला नाही. रोज सहाला वाजतो, मला त्याचा वैताग येतो. आज वाजलाच नाही."

दोघं वर गेलो. दार ठोठावलं, हाका मारल्या, उत्तर नाही. मी म्हणालो, "मालकाला फोन करू, किल्ली मागवू." ती म्हणाली, "तोवर काय उरेल?" आणि खांद्याने दाराला धडक दिली. दुसऱ्या धडकेला कडी निखळली.

अर्मां कोट-टोपीसकट पलंगावर होता. ओठ निळे. जीभ जड, मला त्याच्या भावाच्या नावाने हाक मारत होता. घरात आमच्या तोंडची वाफ दिसत होती. मी हात चोळायला लागलो तर फरदोसा ओरडली, "चोळू नका! आधी छातीशी ऊब द्या." तिने त्याला आपल्या पांघरुणात गुंडाळलं आणि स्वतः पाठीशी घट्ट धरून बसली, रुग्णवाहिका येईपर्यंत. हाच अर्मां, जो तिच्या मुलांच्या पायांच्या आवाजावरून दर रविवारी मालकाकडे तक्रार करायचा.

डॉक्टर म्हणाले, वाचतील. अजून दोन तास गेले असते तर वाचले नसते.

टाकी कोरडी ठणठणीत होती. कॅन दारामागे. त्याला जिना उतरवला नसणार.

१२ जानेवारी, सोमवार

सगळा दिवस मदत केंद्राला फोन लावला. आधी संगीत, मग बाई सांगते, तुमचा फोन आम्हाला महत्त्वाचा आहे, मग पुन्हा संगीत. संध्याकाळी एक जिवंत माणूस लागला. भेटीची वेळ मार्चच्या शेवटी मिळेल म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, मार्चअखेर तर बर्फ वितळतो." तो म्हणाला, "हो, त्याचं मलाही वाईट वाटतं."

चांगला मुलगा होता. पण त्याच्या चांगुलपणावर टाकी भरत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

फरदोसा म्हणाली, फोनवर काही होत नाही, समोर जाऊन उभं राहावं लागतं. तिला गेल्या वर्षी तशीच मदत मिळाली होती. रात्रपाळीहून आली, डोळेसुद्धा मिटले नाहीत आणि माझ्याबरोबर बसने केंद्रात आली.

तिथे डार्लीन नावाच्या बाई भेटल्या. टेबलावर कागदांचा ढीग, चेहरा ओढलेला. मी आमच्या इमारतीचं सगळं सांगितलं. आठ बिऱ्हाडं, एकजण मरता मरता वाचला, बाकीचे ओव्हनसमोर बसतात आणि विचारलं तर म्हणतात, आमचं छान चाललंय. "तुम्हीच एक दिवस इमारतीत या, एका दिवसात सगळ्यांचं उरकून टाका."

"तसं मला येता येत नाही, साहेब. जो माणूस घराबाहेर पडू शकत नाही, त्याच्याकडेच जाता येतं. नियम आहे."

मी म्हटलं, "आहे की! अर्मां फेक्टो. परवा इस्पितळातून येतोय. जिना उतरायची मनाई आहे."

"आणि त्यांची तयारी आहे अर्ज करायची?"

"अहो, तुमची वाट बघतोय."

फरदोसाने माझ्याकडे असं पाहिलं की मला बूट घट्ट बांधायची गरज भासली.

डार्लीनबाई हसल्या. "मी एकदा त्या इमारतीत आले, की वाटेत कुणी भेटलं तर तोंड फिरवून जाणार नाही. चोवीस तारखेला येते. पण फेक्टोसाहेब नाही म्हणाले तर माझा दिवस रद्द, आणि तुमचाही."

परतताना बसमध्ये फरदोसा म्हणाली, "काका, तुम्ही चक्क खोटं बोललात."

"खोटं नाही. आगाऊ बोललो."

१७ जानेवारी, शनिवार

अर्मां घरी आलाय. दार मी आणि फरदोसाच्या नवऱ्याने दुरुस्त केलं. रोलांदबाईंनी वर्गणी काढून त्याच्या टाकीत थोडं तेल टाकलं, पण त्याला सांगितलं की कंपनीकडून आधीचं देणं होतं. त्यावर त्याने लगेच विश्वास ठेवला. कंपन्या फसवतातच, असं त्याचं पूर्वीपासून मत.

मी अर्जाचा विषय काढला. त्याने भिंतीकडे तोंड केलं. "पुन्हा ते नाव काढशील तर येऊ नकोस."

रोलांदबाईंचा नळवाला आजही आला नाही. ही तिसरी खेप. मी त्यांना म्हटलं, कंपनी बदला. त्या म्हणाल्या, "बघते," आणि मला आणखी एक पांघरूण नेऊन वाळत घालायला दिलं. ओलं मुळीच नव्हतं. बाईंचं लक्ष हल्ली ठिकाणावर नसतं.

१९ जानेवारी, सोमवार

आज कात्री काढली.

मला एक गोष्ट ठाऊक आहे. माणूस तोंडासमोर बसून सांगत नाही ते पाठ फिरवून सांगतो. खुर्चीत बसला, गळ्याला कापड बांधलं, मागून कात्री चालली की त्याला वाटतं आपण एकटेच आहोत. वर गेलो आणि अर्मांला म्हटलं, "इस्पितळातून आलेला नाही, जंगलातून आलेला दिसतोस. बस."

बसला. मानेवरचे केस साफ करेपर्यंत बोललो नाही. मग तोच बोलायला लागला.

त्याचे वडील गिरणीत हात गमावून बसले, त्या हिवाळ्यात आईने नगरपालिकेकडून कोळसा घेतला. त्या वेळी गावचा वार्षिक अहवाल छापायचे आणि मदत घेणाऱ्यांची नावं त्यात असायची. शाळेत एका पोराने तो आणला आणि मधल्या सुट्टीत बाकावर उभं राहून वाचून दाखवला. अर्मां नऊ वर्षांचा होता. घरी येऊन आईला म्हणाला, "मला तो कोळसा नको, मी गारठून मरेन." आईने ऐकून घेतलं आणि शेगडी पेटवली.

"ती पेटवली म्हणून तू एक्क्याऐंशीचा झालास," मी म्हटलं.

मी कानामागे वस्तरा लावला.

"आता नावं छापत नाहीत, अर्मां."

"तुला काय माहीत?"

तेवढ्यात फरदोसा चहाचा थर्मास घेऊन आली. दालचिनी, वेलची घातलेला तिच्या देशाकडचा चहा, वासानेच माणूस बसून राहतो. अर्मां आरशातून तिला म्हणाला, "बाई, माझ्यावर तुझं ऋण आहे. सांग, काय हवं? मी कुणाचं ठेवत नाही."

मी मनात म्हटलं, आता ही पोर म्हणेल, काही नको आजोबा. पण ती म्हणाली, "हवंय. चोवीस तारखेला तळघरातल्या धुण्याच्या खोलीत पहिल्या खुर्चीत तुम्ही बसा. सगळ्यांच्या देखत अर्ज करा. तुम्ही बसलात तर बाकीचे बसतील. माझ्या घराखाली, शेजारी माणसं गारठून चाललीत आणि मी रोज कामावर जाताना दारांना कान लावते. ते मला थांबवायचंय."

अर्मां आरशातूनच म्हणाला, "मला जिना उतरायची मनाई आहे."

"आम्ही उचलून नेऊ."

"मुळीच नाही. चालत येईन."

मी उरलेले केस कापले. माझ्या उभ्या आयुष्यातला सर्वांत चांगला हजामतीचा दिवस.

२४ जानेवारी, शनिवार

पहाटेपासून रोलांदबाईंनी धुण्याच्या खोलीतली यंत्रं रिकामीच फिरवत ठेवली होती, खोली उबदार व्हावी म्हणून. दारावर मी पाटी लावली: "आज हजामत फुकट." मदतीबिदतीचं नावही काढलं नाही. एका कोपऱ्यात माझी खुर्ची, दुसऱ्यात डार्लीनबाईंचं टेबल. रोलांदबाईंनी पिवळ्या वाटाण्याचं सूप केलं होतं, फरदोसा डुकराचं मांस खात नाही म्हणून मुद्दाम हॅम न घालता. फरदोसाने परात भरून समोसे.

नऊ वाजले. कुणी नाही. साडेनऊ. डार्लीनबाई घड्याळ बघायला लागल्या.

मग जिन्यात काठी वाजली. एकेक पायरी. मध्ये थांबली. पुन्हा वाजली. अर्मां दारात उभा, गळ्यात टाय, लग्नाला निघाल्यासारखा. त्याच्यामागे, तो पडला तर धरायला म्हणून, दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ, आणि त्यांच्यामागे चौथ्या मजल्यावरचं जोडपं तान्ह्या बाळासकट. म्हाताऱ्याने ठोठावत ठोठावत दारं उघडायला लावली होती. नंतर कळलं, प्रत्येक दाराशी त्याने एकच सांगितलं: "मी चाललोय. तुम्ही माझ्यापेक्षा मोठे लागून गेलात का?"

टेबलाशी बसला आणि खोली ऐकेल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "लिहा, बाई. अर्मां जोसेफ फेक्टो. स्पष्ट अक्षरात लिहा."

त्यानंतर काय विचारता! मी केस कापत होतो, डार्लीनबाई लिहीत होत्या, फरदोसा सांगत होती कुठला कागद आणायचा, पोरं तो आणायला वर-खाली पळत होती. दोघा भावांपैकी धाकट्याने कबूल केलं की ते चार दिवस मोटारीत झोपले होते, कारण मोटारीचा हीटर चालतो. थोरला म्हणाला, "हे सांगायचं नव्हतं ना रे!" आणि दोघेही हसत सुटले. रोलांदबाई स्वतः टेबलाशी बसल्या तेव्हा म्हणाल्या, "मी काही गरीब नाही, फक्त म्हातारी आहे." डार्लीनबाई म्हणाल्या, "आमच्याकडे दोन्ही चालतं."

मागाहून आलेली बाकीची दोन बिऱ्हाडं धरून सात अर्ज झाले. मी कापड झटकत होतो, खूष होतो. रोलांदबाईंनी ते माझ्या हातून काढून घेतलं आणि खुर्चीकडे बोट केलं. "बसा."

"माझे केस?"

"डोक्यावर एक तरी आहे का? बसा म्हणते."

कापड माझ्याच गळ्याला बांधलं. मी म्हटलं, "मी इथला न्हावी आहे, गिऱ्हाईक नाही. माझं उत्तम चाललंय. टाकीचा काटा लबाड आहे, एवढंच."

अर्मां खोकला.

फरदोसा म्हणाली, "काका, मी तुमच्या डोक्यावर राहते. खालच्या घरातून ऊब वर यायला हवी. तुमच्याकडून बर्फ वर येतो. माझी लेकरं दोन-दोन मोजे घालून झोपतात."

हे मला खरंच माहीत नव्हतं. लहानगी पोरं बिचारी. मी लगेच सही केली. केवळ मुलांच्या पायांसाठी. नाहीतर मला काय गरज? रोलांदबाई नाक पुसत होत्या. त्या खोलीत धुण्याच्या पावडरचा वास फार.

२७ जानेवारी, मंगळवार

डार्लीनबाईंचा फोन. आठही मंजूर! अर्मांच्या प्रसंगामुळे तातडीचे म्हणून घेतले. तेलाची गाडी पुढच्या मंगळवारी. मी जिन्यात उभा राहून ओरडलो. वरपासून खालपर्यंत दारं उघडली.

१ फेब्रुवारी, रविवार

वादळ. खिडकीतून समोरची इमारत दिसत नाही. रोलांदबाईंनी सगळ्यांनाच आपल्या घरी गोळा केलं, उरलेलं तेल एका ठिकाणी जाळायचं म्हणून. चौदा माणसं, एक तान्हं बाळ आणि एक मांजर. अर्मांने फरदोसाच्या मुलांना पत्ते शिकवले. थोरल्या मुलीने त्याला तीनदा हरवलं. म्हणतो, पोरगी लबाडी करते, पण सुंदर करते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी बोळ बघितला. बर्फ छातीपर्यंत. भरायच्या नळ्या दिसतच नव्हत्या. तेलवाल्याचा नियम आहे, वाट मोकळी नसेल तर गाडी पुढे जाते आणि नंबर पुन्हा शेवटी लागतो.

फावडी तीन. माणसं मात्र सगळी आली. ज्यांना फावडं नाही त्यांनी केराची सुपली आणली, रोलांदबाईंनी केक भाजायचं ताट आणलं. फरदोसा रात्रपाळीहून थेट आली, ती गणवेशातच बर्फ उपसायला लागली. अर्मांला बंदी होती, म्हणून तो व्हरांड्यात उभा राहून सगळ्यांना शिव्या देत होता: "डावीकडे, गाढवांनो! नळ्या डावीकडे आहेत! साठ वर्षं बघतोय मी!" डावीकडेच होत्या.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा शेवटचे दोन हात उरले होते. गाडीवाला उतरला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबा, दादा." तो म्हणाला, "थांबतो कशाला," आणि स्वतःचं फावडं काढलं.

मग पाइप ओढून त्याने पहिली नळी जोडली. तेल आत जायला लागलं की टाकीतली हवा दुसऱ्या नळीतून बाहेर पडते आणि शिट्टी वाजते. शिट्टी वाजतेय तोवर टाकीत जागा आहे. थांबली की भरली. गाडीवाला डोळे मिटून ती ऐकतो. आमच्या बोळात ती शिट्टी किती वर्षांनी वाजली, देव जाणे. पहिली अर्मांची. सगळे श्वास रोखून उभे. शिट्टी वाजली, वाजत राहिली, आणि टप्पकन थांबली. अर्मांने टोपी काढली. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरी. तिसरी. प्रत्येकीचा सूर वेगळा. बाळाच्या घरची जाडसर, दोघा भावांची किनरी. पोरं प्रत्येक शिट्टीबरोबर तोंडाने शिट्टी घालत होती. आठवी माझी. ती बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वाजली. इतका वेळ की गाडीवाला डोळे उघडून म्हणाला, "साहेब, ही टाकी कधीची रिकामी आहे?"

मी म्हटलं, काटा लबाड आहे. फरदोसाने माझा हात धरला. वारा फार होता. डोळ्यांत सारखं पाणी येत होतं.

घरात शिरलो तर बर्नर घरघरत होता. बंद खोल्यांची दारं उघडली. वरून पोरांच्या अनवाणी धावण्याचा आवाज. दणदण, दणदण. घर कोसळेल असं वाटावं. मी जिन्यात येऊन कान देऊन ऐकलं. अर्मांनेही दार उघडलं होतं. तक्रार करेल वाटलं. तो म्हणाला, "धावू दे."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुपारी समोरच्या इमारतीतला एक म्हातारा बर्फातून डिझेलचा कॅन ओढत चालला होता. आमच्या बोळापाशी थांबला. आठही नळ्यांकडे, मोकळ्या वाटेकडे बघत राहिला. मला विचारलं, "तुमच्याकडे गाडी आलेली पाहिली. एवढं सगळ्यांना जमलं कसं?"

मी तोंड उघडायच्या आत अर्मां व्हरांड्यातून काठी टेकत खाली उतरला. मनाई धाब्यावर बसवून सरळ बोळापाशी आला. म्हाताऱ्याच्या हातून कॅन काढून बर्फात ठेवला आणि त्याच्या दंडाला धरलं.

"आत चल," म्हणाला. "हे थंडीत उभं राहून बोलायचं काम नाही."